निवडणं-टिपणं

सकाळी साडेसहाला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दोन माणसं निवडायला बसतात. काकू तांदूळ निवडते आणि नानाकाका स्पॅम निवडतात. काकूचं दहा मिनिटांत आटोपतं. नानांचं दुसरा चहा गार होईपर्यंत चालू असतं.

"किती खडे निघाले?" काकू विचारते.

"एकशे बारा."

"आणि तांदूळ?"

"दोन. त्यातला एक तुकडा आहे, पण चालेल ने."

हे 'ने' आमचं बडोद्याचं. गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या आमच्या मराठीत गुजराती कधी मिसळली ते कळलंच नाही. पुण्याचे पाहुणे हसतात आणि चार दिवस राहिले की जाताना "निघतो ने आता" म्हणून जातात.

नाना मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पण त्यांची खरी नोकरी २००७ साली सुरू झाली आणि तिला निवृत्तीही नाही, पगारही नाही. त्या साली त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला. शिवाजी, श्रीलिपी असल्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं मराठी तो युनिकोडमध्ये आणून देतो. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या जुन्या फाँटांत मराठी मुळी नसायचंच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले असायचे. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि आजोबांच्या आत्मचरित्राच्या जागी टक्क्याच्या खुणा, कंस आणि कॅपिटल अक्षरं यांचा काला उरतो. शिवाय पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी ठेवलेली, युनिकोडात ती नंतर यायला हवी. रफाराचं बरोबर उलटं. एकेका वेलांटीला उचलून तिच्या जागी नेऊन बसवायचं, हे नानांनी रात्र रात्र जागून केलं.

आणि प्रोग्रॅमच्या 'माहिती' खिडकीत एक ओळ टाकली: 'चूक आढळल्यास अवश्य कळवावे.' खाली स्वतःचा ईमेल पत्ता.

तो 'अवश्य' नडला.

फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या माणसाचा पत्ता म्हणजे गोंदण. तो प्रोग्रॅमच्या खिडकीत असतो, परवान्याच्या फायलीत असतो, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर केलेल्या एकेका दुरुस्तीवर नावासकट उमटत जातो. कुणीही सगळा कोड उतरवून घ्यावा, पत्ते तेवढे टिपावेत आणि शेकड्याने विकावेत. मी एकदा नानांना सांगून पाहिलं, की हल्ली खरा पत्ता झाकून बनावट वाटावा असा पत्ता लावायची सोय आहे. नाना म्हणाले, "मग चूक सापडली तर माणूस कुणाला सांगणार? बनावट पत्त्याला?"

"निदान 'ॲट' तरी अक्षरात लिहा. यंत्राला कळणार नाही."

"यंत्राला वीस वर्षांपूर्वीच कळलंय. कळणार नाही ते माझ्या सत्तरीतल्या गिऱ्हाइकांना."

नाना असे का, हे समजायला त्यांचे वडील ठाऊक असायला हवेत. आजोबा रावपुऱ्याच्या पोस्टात सॉर्टर होते. अर्धवट पत्त्याची, मोडीत खरडलेली, 'गणपतीच्या देवळासमोर, निळ्या दरवाज्याचे घर' असली पाकिटं त्यांच्याकडे यायची. ती परत पाठवून मोकळं होता येत होतं. आजोबा संध्याकाळी सायकलवरून निळा दरवाजा शोधायला निघायचे. आपल्या घरी आलेल्या पोस्टकार्डाला तिसऱ्या दिवसाच्या आत 'पत्र पावले' असं उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा. नानांनी तो कायदा ईमेलला लावला, आणि ईमेलला पोस्टाचं तिकीट लागत नाही हा बारीकसा फरक नजरेआड केला.

सुरुवातीची काही वर्षं ते स्पॅमलाही उत्तर द्यायचे. परदेशी राजपुत्राच्या विधवेला त्यांनी सांत्वनाचं पत्र लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पैशाचा विषय त्यात नव्हता, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' एवढंच होतं. विधवेकडून उलट टपाली नऊ पत्रं आली. तेव्हा मी आणि काकूने मिळून त्यांच्याकडून वचन घेतलं की खड्यांना उत्तर द्यायचं नाही, फक्त वाचायचं. वाचायचंही नाही, असं आम्हांला म्हणायचं होतं, पण तिथवर तडजोड झाली नाही.

वाचून वाचून नानांच्या त्यांच्याशी ओळखी झाल्या आहेत. नावं ठेवलेली आहेत. 'सर, आपली वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो' म्हणणारा तो 'पहिलं पान'. हा रोज येतो, रविवारीसुद्धा. 'आपला लेख वाचून भारावून गेलो, आपल्याकडे एक पाहुणा लेख लिहू का' म्हणणारा 'पाहुणा'. नानांनी आयुष्यात लेख लिहिलेला नाही. 'आदरणीय प्रोफेसर' अशी सुरुवात करून कुठल्याशा दंतवैद्यकाच्या नियतकालिकात शोधनिबंध मागणारा 'कुलगुरू'. डोमेनची मुदत संपत आली, ताबडतोब पैसे भरा, अशी खोटी बिलं पाठवणारा 'वसुली'. आणि सगळ्यांत लाडका 'बक्षीसवाला': 'तुमच्या साइटमध्ये गंभीर त्रुटी सापडली आहे, सांगण्याआधी बक्षीस किती ते कळवा.' या जमातीला इंग्रजीत 'बेग बाउंटी' म्हणजे भीकबक्षीस असं नाव पडलंय. वचन मोडून नानांनी एका बक्षीसवाल्याला लिहिलं, 'बक्षीस देण्याची ऐपत नाही. बडोद्यास आल्यास सेव-उसळ देईन.' आणि तो आला! आणंदच्या कॉलेजातला पोरगा, रविवारी सकाळच्या गाडीने. दोन प्लेट खाल्ल्या, वर तर्री मागितली. त्याची गंभीर त्रुटी काही गंभीर नव्हती, पण तेव्हापासून तो खऱ्या चुका शोधून पाठवतो आणि शेवटी 'उसळ बाकी' असं लिहितो.

त्यामुळे माझी बाजू कायमची लंगडी झाली.

स्पॅमचा इतिहासही नानांना तोंडपाठ. जेवताना सांगतात. ३ मे १९७८ रोजी कॉम्प्युटर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली, ती पहिली. "म्हणजे या सगळ्याचा मूळपुरुष," नाना भाकरीचा तुकडा मोडत सांगतात. घराण्याचा वंशवृक्ष सांगावा तसा सूर. काकू म्हणते, "त्याला तरी उत्तर गेलं नाही ना तुमचं?"

मी एक गाळणी बसवून दिली होती. वाईट मनाने नाही. कुठला शब्द कचऱ्यात किती वेळा येतो आणि खऱ्या पत्रांत किती वेळा, यावरून संभव काढून टपाल वेगळं करणारी. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याचं गणित त्यामागे आहे. तो वारल्यावर १७६३ साली त्याचा निबंध छापला गेला, आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने ते गणित स्पॅमवर कसं चालवावं हे लिहिल्यावर त्याचा घरोघरी प्रसार झाला. पाद्री मधे आल्यामुळे नानांना जरा विश्वास वाटला. दोन आठवडे मी त्यांना 'हा खडा, हा तांदूळ' असं गाळणीला शिकवायला बसवलं. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी फक्त चार-पाच पत्रं दिसू लागली. नाना अस्वस्थ, मी खूश. काकूला सकाळी नवरा रिकामा मिळाल्यामुळे तिने त्यांना शेंगा सोलायला बसवलं.

एकोणीस दिवसांनी नानांनी सहज कचऱ्याची पेटी उघडली.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र होतं. पती वारले होते. त्यांनी हयातीत आपल्या आठवणी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. आता फाईल उघडली की नुसता काला दिसत होता. बाईंनी नमुना म्हणून पहिलं पान पत्रात चिकटवलं होतं. गाळणीची बिचारीची काय चूक? गाळणी चुकवण्यासाठी स्पॅमवाले अशीच निरर्थक अक्षरं पत्रात पेरतात, आणि आम्ही तिला तेच तर शिकवलं होतं. गोडगोड, शुद्ध, अदबशीर लिहितो तो 'पाहुणा'. आणि ज्याला नानांची खरी गरज आहे त्याचं पत्र मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. नानांच्या धंद्यात खडा आणि तांदूळ यांनी कपडे बदललेले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नाना ते पान वाचत होते. म्हणजे खरंच वाचत होते. प्रोग्रॅम न लावता, त्या कंसांतून आणि टक्क्यांतून, बोट पडद्यावर ठेवून, आजोबा मोडी वाचायचे तसे. "विहिरीवर पोहायला शिकल्याचं लिहिलंय," म्हणाले. मग खाली सरकले. बाईंचं दुसरं पत्रही तिथेच होतं, आठ दिवसांनंतरचं. 'आपणांस त्रास दिला, क्षमस्व. यापुढे लिहिणार नाही.'

"बाई दोनदा येऊन परत गेल्या रे," नाना म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री त्यांनी फाईल मागवून घेतली, सगळं पुस्तक युनिकोडमध्ये आणलं, वेलांट्या हाताने तपासल्या आणि पहाटे पाठवलं. सकाळी मी उठून पाहतो तो गाळणी काढून टाकलेली.

खरी पत्रं काय असतात हेही सांगायला हवं, नाहीतर नाना नुसतेच भोळे वाटतील. एका संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात 'आचाऱ्यांचा सत्कार' होता. तीन दिवस चारशे पानं जेवू घातली म्हणून. नानांच्या प्रोग्रॅममधून तो 'आचार्यांचा सत्कार' होऊन बाहेर पडला. छापून झाल्यावर संस्थेतले एक खरे आचार्य विचारायला आले की माझी शाल कुठे आहे. पत्र संतापाचं होतं. नाना मात्र हरखले. "बघ, किती बारीक चूक पकडली! अर्धा र!" दोन दिवस ते 'ऱ्य' आणि 'र्य' यांच्यातच होते. तसंच कुणीतरी कळवलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. त्यालाही आभाराचं पत्र गेलं.

आणि तिसरा प्रकार, ज्याला नाना 'तुकडा' म्हणतात. माणूस खरा, पत्ता चुकलेला. कुठल्याशा कार्यालयाने नानांचा प्रोग्रॅम आपल्या साइटला जोडला आणि परवान्याच्या अटीप्रमाणे तळाशी नानांचं नाव-पत्ता ठेवला. झालं. सातबारा उघडत नाही, पेन्शनचा हयातीचा दाखला अडकला, मुलीच्या दाखल्यावर नाव चुकलं, या सगळ्या तक्रारी दांडिया बाजारात. नानांनी काय करावं? सातबाराची सगळी पद्धत शिकून घेतली. स्वतःच्या नावावर वितभर जमीन नाही, पण फेरफार नोंदीवर त्यांच्याइतकं जाणणारा माणूस बडोद्यात सापडायचा नाही.

मी म्हणायचो, असं फक्त तुमच्याच बाबतीत होतं. तर नानांनी माझं तोंड बंद केलं. कर्ल नावाचा प्रोग्रॅम जगातल्या कोट्यवधी यंत्रांत आहे. तो लिहिणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना गाडीवाल्यांची पत्रं येतात, कारण गाडीच्या पडद्यावर परवान्याच्या मजकुरात त्यांचा पत्ता दिसतो. गाडीचा नकाशा चालत नाही, काय करू? आणि एसक्यूलाइट नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची गंमत तर त्याहून वरची. एका व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरने तो आतून वापरला, त्यामुळे लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये 'एसक्यूलाइट' नावाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फायली दिसू लागल्या. लोक नाव शोधून त्याच्या कर्त्यांना मध्यरात्री फोन करून उठवायचे. शेवटी २००६ मध्ये त्यांनी फायलींचं नाव उलटं करून टाकलं, मागून पुढे वाचलं तरच कळेल असं. ही हकिकत त्यांनी कोडमध्येच टिपून ठेवली आहे. नाना ती सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पण त्यांनी फोन उचलला ने!"

हल्ली नवीन पीक आलंय. चॅटबॉटकडून लिहून घेतलेले दोषाचे अहवाल. लांबलचक, मुद्देसूद, अदबशीर, आणि साफ खोटे. स्टेनबर्ग यांनी अशांना कंटाळून २०२६ च्या सुरुवातीला चुका शोधणाऱ्यांना बक्षीस देणंच बंद केलं. नानांना असा पहिला अहवाल आला तेव्हा त्यात त्यांच्या प्रोग्रॅममधल्या एका फंक्शनचं नाव देऊन त्यात घातक चूक असल्याचं म्हटलं होतं. नाना दोन दिवस स्वतःच्याच कोडमध्ये ते फंक्शन शोधत होते.

"नाहीये ते, नाना. यंत्राने मनाने रचलंय."

"असेल रे. २००९ मध्ये कावीळ झाली होती तेव्हा काय काय लिहिलंय मला आठवत नाही."

शेवटी त्यांनी उत्तर लिहिलं: 'सदर फंक्शन आमच्याकडे आढळत नाही. आपल्याकडे असल्यास पाठवावे.' आणि समोरून ते फंक्शन आलं! यंत्राने तेही लिहून दिलं, चुकीसकट. नाना चष्मा पुसून वाचत बसले. "वाईट नाही लिहिलंय," म्हणाले.

एकदा मात्र मी घाबरलो होतो. 'आपण आता थकला असाल, प्रोग्रॅमची सूत्रं माझ्याकडे द्या' असं एकाचं पत्र आलं, मग दुसऱ्याचं, 'दुरुस्त्या फार उशिरा होतात, त्यांना देऊन टाका.' एक्सझेड नावाच्या प्रोग्रॅमचं असंच झालं होतं. फिनलंडमधला एकटा, दमलेला कर्ता, २०२२ मध्ये त्याला टोचणारी पत्रं, मदतीला धावून आलेला सज्जन, आणि त्या सज्जनाने दोन वर्षं चोख काम करून आत बसवलेला चोरदरवाजा. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीला आला, तोही एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय याचा संशय आला म्हणून. टोचणारी ती पत्रंही बहुधा त्याच टोळीची. मी हे सगळं नानांना दम न घेता सांगितलं. नाना ऐकत राहिले. बराच वेळ त्या फिनलंडच्या माणसाचंच त्यांच्या मनात असावं. "त्याच्या घरी निवडायला कुणी नव्हतं वाटतं दुसरं," म्हणाले. मग सूत्रं मागणाऱ्याला त्यांनी लिहिलं, 'आनंद आहे. चहास या, बोलू.' तो काही आला नाही. सगळेच आणंदचे थोडेच असतात?

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला, मगरी रस्त्यावर आल्या, वीज नाही. नानांनी लॅपटॉप आधी माळ्यावर ठेवला आणि मग गव्हाचा डबा. काकू हा क्रम अजून विसरलेली नाही. वीज आल्यावर त्यांनी साचलेल्या पत्रांना 'पुरामुळे उत्तरास विलंब झाला, क्षमस्व' असं लिहायला घेतलं. मी पाहिलं तेव्हा 'कुलगुरूं'ना जाऊन चुकलं होतं.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. सांगायची नव्हती, पण काकू सांगणारच, त्यापेक्षा मी सांगतो.

सकाळी काकूने विचारलं, "किती खडे?"

"एकही नाही."

"आणि तांदूळ?"

"तेही नाहीत."

पहिल्या दिवशी वाटलं, सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नानांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, वायफायच्या डब्याला थापट्या मारल्या, शेजारच्यांकडे नेट आहे का विचारून आले. 'पहिलं पान'सुद्धा नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे. चौथ्या दिवशी ते काकूच्या ताटात हात घालून तांदूळ निवडू लागले तेव्हा काकूने मला हाक मारली.

नानांचं डोमेन माझ्या कार्डावर आहे, दरवर्षी मी भरतो. मुदत संपली होती. सूचना आल्या होत्या, एक महिनाभर आधी, एक आठवडा आधी, एक संपल्यावर. तिन्ही माझ्या स्वतःच्या टपालात, माझ्या स्वतःच्या नव्या, हुशार गाळणीने 'वसुली' समजून कचऱ्यात टाकल्या होत्या.

मी पैसे भरले. सवलतीच्या दिवसांत होतो म्हणून वाचलो. नानांना सांगितलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम होता. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडे निवडतं कोण?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली जाऊन बसलो. सहा चाळीसला लॅपटॉप टुण्णकन वाजला.

"अगं, आला!" नाना ओरडले. "पहिलं पान आला! म्हणतोय, सर, मागचे मेल पोचले नाहीत का?"

"उत्तर देऊ नका त्याला," काकू ताटावरून मान न उचलता म्हणाली.

"देतोय कुठे? नुसतं बघतोय ने."

आणि कीबोर्डचा आवाज सुरू झाला.